घरातील परवान्याचे शस्त्र आणि मुले : जून ते डिसेंबर २०२४ च्या प्रकल्प नोंदी

१९ जून २०२४, बुधवार

लोकसभा निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे मार्चअखेरीस पोलीस ठाण्यात जमा केलेले माझे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आज दुपारी परत मिळाले. परवान्यावरचा आणि शस्त्रावरचा क्रमांक जुळवून सही केली आणि ते पुण्यात धायरीला घरी आणले. गेली सात वर्षे ते शयनगृहातील लाकडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चामड्याच्या म्यानात असे आणि त्याच कप्प्यात मागच्या बाजूला काडतुसांचा डबा असे. आजही ते तिथेच ठेवायला हात वर केला आणि थांबलो. मार्चमध्ये पलंगावर चढताना माझा हात मागणारा धाकटा (वय ४) मागच्याच आठवड्यात अभ्यासाची खुर्ची ढकलत आणून, तिच्यावर दोन उशा रचून, याच कपाटाच्या माथ्यावर पडलेला चेंडू काढताना त्याच्या आईला सापडला होता. त्या दिवशी आम्ही त्याच्या पडण्याच्या भीतीने घाबरलो होतो. कपाटात काय ठेवलेले असते हा विचार मात्र तेव्हा दोघांच्याही मनात आला नाही, कारण तेव्हा तो कप्पा रिकामा होता.

आजच्या रात्रीपुरते रिव्हॉल्व्हर गोदरेजच्या कपाटातील आतल्या खणात कुलूपबंद केले आहे आणि काडतुसे माझ्या आईच्या खोलीतील पत्र्याच्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवली आहेत. कायमची व्यवस्था करायची, ती विचार करून करायची आणि प्रत्येक पायरीची नोंद ठेवायची असे ठरवून ही वही सुरू केली.

२१ जून, शुक्रवार

थोरलीला (वय ९) आज जेवताना सहज विचारले, की लाकडी कपाटाची किल्ली कुठे असते ते तुला माहीत आहे का. ती म्हणाली, "आईच्या पैठणीच्या घडीत. तिथं नसली तर देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली." ही जागा आम्ही तिला कधीही सांगितलेली नव्हती. "तुला कसं कळलं?" असे विचारल्यावर तिला त्या प्रश्नाचेच नवल वाटले, कारण तिच्या लेखी ते सगळ्यांनाच ठाऊक होते. पुढे तिने हेही सांगितले, की आत बाबांची बंदूक असते आणि ती काळ्या पाकिटात असते. तिने तिला हात लावला होता का, हे विचारायला मला काही क्षण लागले. लावला नव्हता, असे ती म्हणाली आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. तरीही सात वर्षे मी ज्याला सुरक्षित जागा समजत होतो ती माझ्या मुलीला ठाऊक असलेली एक नेहमीची जागा होती, आणि तिने हात लावला नाही हे तिचे शहाणपण होते. त्यात माझ्या व्यवस्थेचे काहीही श्रेय नाही.

२३ जून, रविवार

या विषयावर जे वाचले त्यात एका प्रयोगाने मला सर्वांत जास्त अस्वस्थ केले. अमेरिकेत अटलांटा येथील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ८ ते १२ वर्षे वयाच्या ६४ मुलग्यांचे २९ लहान गट करून त्यांना एका खोलीत थोडा वेळ सोडले होते. त्या खोलीतील खणांत पाणी उडवायची दोन पिस्तुले आणि एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल लपवलेले होते, आणि संशोधक एका बाजूने दिसणाऱ्या आरशामागून पाहत होते. २९ पैकी २१ गटांना खरे पिस्तूल सापडले, त्यांपैकी १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. ज्यांना ते सापडले त्यांच्यापैकी सुमारे निम्म्या मुलांना ते खेळण्यातले वाटले किंवा खरे की खोटे याची खात्री नव्हती. ज्यांनी ते हाताळले किंवा चाप ओढला, त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल काही ना काही शिकवलेले होते.

हे शेवटचे वाक्य मी पत्नीला दोनदा वाचून दाखवले, कारण आमचाही सगळा भरवसा "मुलांना नीट समजावून सांगू" यावरच होता. समजावून सांगायचे आहेच. पण कुलपाच्या जागी समजावणी ठेवता येत नाही, आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या समजूतदारपणावर चार वर्षांच्या भावाचा जीव अवलंबून ठेवणे हा तिच्यावरही अन्याय आहे. म्हणून या कामाचा पहिला नियम असा लिहितो, की मूल प्रत्येक जागा शोधून काढणार हे गृहीत धरायचे, लपवण्याला व्यवस्थेत काहीही किंमत द्यायची नाही, आणि सापडल्यावरही उघडता येणार नाही एवढेच पाहायचे.

२६ जून, बुधवार

आज रात्री मुले झोपल्यावर पत्नीशी मूळ प्रश्नावर बोलणे झाले. २०१७ मध्ये परवाना घेतला तेव्हा मार्केट यार्डातील गाळ्यावरून पहाटेच्या व्यवहाराची रोकड घेऊन येणे रोजचे होते आणि एकदा कात्रज बाजूला दुचाकीवरून पाठलागही झाला होता. घरी शस्त्र असावे हे त्या काळजीतून आले. ती म्हणाली, "अहो, बंद कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीत, मग चोर आला तर तुम्ही त्याला थांबायला सांगणार का?"

हा प्रश्न खरा आहे आणि त्याला वळसा घालणे बरोबर नाही. भरलेले शस्त्र उशाशी ठेवले तर ते लवकर हाती येते. पण वर्षाच्या ३६५ रात्री ते मुलांच्याही तेवढेच जवळ असते, तर चोर येण्याची रात्र कदाचित कधीच येणार नाही. आमच्या घराला लोखंडी जाळीचा दरवाजा आहे, फाटकावर दिवा आहे, शेजारी जागे असतात, आणि ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलावता येते. या सगळ्यांनंतरचा उपाय म्हणून रिव्हॉल्व्हर आहे, आणि त्या उपायाला तीन-चार मिनिटे लागली तरी चालतील, असे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. घरात शस्त्र कायम रिकामे, कुलपात आणि काडतुसांपासून वेगळे राहील. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना पालकांना हेच सांगते, आणि त्याच्याही आधी हे सांगते, की मुले असलेल्या घरात शस्त्र नसणे सर्वांत सुरक्षित. तो पहिला पर्याय पत्नीने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

३० जून, रविवार

तिजोरी पाहण्यासाठी बुधवार पेठेत आणि नंतर टिंबर मार्केटच्या बाजूला दोन दुकाने हिंडलो. सर्वांत स्वस्त डिजिटल पेटीचे दार दुकानदाराने स्वतःच कुलूप लावून, वरून तळहाताचा जोराचा फटका मारून, आणि त्याच वेळी मूठ फिरवून उघडून दाखवले. असल्या पेटीतील खिट्टी एका लहान विद्युतचुंबकाने अडवलेली असते आणि धक्क्याने ती क्षणभर हलते. माझा धाकटा वस्तूंवर नेमके असेच फटके मारत असतो. बोटाच्या ठशावर उघडणारी पेटी सोयीची वाटली. परंतु पावसाळ्यात ओल्या बोटाने ती वारंवार नकार देते आणि मग माणूस कंटाळून दार नुसते लोटून ठेवतो, असे दुसऱ्या दुकानातील अनुभवी गृहस्थांनी सांगितले. शेवटी जाड पत्र्याची, आतून बोल्ट मारता येतील अशा चार भोकांची, आकड्यांची कळपट्टी असलेली पेटी घेतली. पेटीचे वजन ३० किलोच्या आसपास आहे, पण भिंतीला जखडली नाही तर हे वजनही उपयोगाचे नाही.

कोणी तरी बँकेच्या लॉकरचा पर्याय सुचवला होता. बँकेच्या लॉकरमध्ये शस्त्र किंवा दारूगोळा ठेवता येत नाही. ठेवायचेच झाल्यास परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा ठेवता येते, आणि दीर्घ प्रवासाच्या किंवा घरात कोणाचे मन फार खचलेले असण्याच्या काळात तोच मार्ग घ्यायचा हे येथे नोंदवून ठेवतो. बारावीच्या निकालाच्या दिवसांत ज्या घरात मूल गप्प गप्प असते, त्या घरात कुलूपबंद शस्त्रसुद्धा असू नये, असे माझे ठाम मत झाले आहे, कारण मोठ्या मुलाला कुलूप थोपवतेच असे नाही.

६ जुलै, शनिवार

पेटी बसवली. जागा शयनगृहातील भिंतीतील कपाटाचा खालचा भाग ठरवली. उंचावर ठेवले तर मूल चढते आणि पडते. भिंत नऊ इंची विटांची आहे. पहिली दोन भोके नेमकी विटांमधल्या जुन्या सांध्यात गेली आणि अँकर फास्टनर घट्ट करताना गोल फिरू लागले. चुना-सिमेंट भुसभुशीत झाले होते. मिस्त्रींनी ती भोके बुजवली, पेटी दोन इंच बाजूला घेतली, विटेच्या मध्यभागी नवी भोके पाडली आणि फुंकून, ब्रशने साफ करून त्यांत रासायनिक चिकट मसाला भरून बोल्ट बसवले. तो मसाला घट्ट होईपर्यंत म्हणजे उद्यापर्यंत पेटी रिकामीच ठेवायची आहे. भोकातली धूळ काढली नाही तर मसाला विटेला न चिकटता धुळीला चिकटतो आणि ओढल्यावर सगळेच बाहेर येते, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

७ जुलै, रविवार

आज आकडा बदलला. कारखान्यातून येणारा मूळ आकडा सर्व पेट्यांना सारखाच असतो आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, त्यामुळे तो न बदलता पेटी वापरणे म्हणजे किल्ली दारालाच टांगण्यासारखे आहे. या पेटीला वापरणाऱ्याच्या आकड्याशिवाय एक मुख्य आकडाही आहे. तोही बदलावा लागतो आणि बरेच लोक तो विसरतात. मुलांच्या वाढदिवसाच्या तारखा, गाडीचा क्रमांक, घराचा क्रमांक हे सर्व टाळले. आकडा दाबताना मुले खोलीत नसतील आणि दाबून झाल्यावर कळपट्टी पूर्ण पुसायची, कारण चार कळांवरच बोटांचे डाग राहिले तर शोधणाऱ्याचे काम फार सोपे होते.

खरी पळवाट मात्र आणीबाणीची किल्ली आहे. बॅटरी संपल्यास उघडण्यासाठी पेटीसोबत दोन किल्ल्या येतात, आणि त्या घरातच एखाद्या खणात ठेवल्या की आपण पुन्हा पैठणीच्या घडीपाशी येऊन पोहोचतो. दोन्ही किल्ल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवल्या आणि बॅटऱ्या दर सहा महिन्यांनी, कमजोर होण्याची वाट न पाहता, बदलायचे ठरवले.

परवाना माझ्या एकट्याच्या नावावर असल्याने आकडा माझ्याशिवाय कोणाकडेही नाही. अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी मी दिली होती. २०१७ मध्ये त्या कागदावर सही करताना मी तो पुरता वाचलाही नव्हता, याची आज लाज वाटली.

१४ जुलै, रविवार

काडतुसांची व्यवस्था केली. ती मोजली, २५ भरली. बुडावर के.एफ. ही खडकीच्या कारखान्याची अक्षरे आहेत. चामड्याच्या पट्ट्यात अडकवलेल्या सहांवर हिरवट थर चढू लागला होता, कारण कमावलेल्या चामड्यात ओल आणि क्षार राहतात व पितळ काळवंडते. रिव्हॉल्व्हरही म्यानासकट ठेवणे त्याच कारणाने बंद केले. तेलाचा पुसट हात फिरवून ते सुती कापडात ठेवले आहे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत.

काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तो डबा दुसऱ्या खोलीतील, भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत ठेवला. तिचे कुलूप वेगळे आहे आणि त्याची एकच किल्ली मी कमरेच्या करदोट्याला बांधली आहे. गाडीच्या जुडग्यात ती ठेवली असती, तर जुडगे रोज रात्री जेवणाच्या टेबलावर पडते आणि धाकटा त्याच्याशी खेळतो.

शस्त्र पेटीत ठेवण्याची कृती अशी ठरवली. नळीचे तोंड बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे, बोट चापापासून दूर. हे रिव्हॉल्व्हर वरून मधोमध उघडते. ते पूर्ण उघडायचे, फिरत्या चक्रातील सहाही घरे डोळ्यांनी पाहायची, मग करंगळीने चाचपायची, आणि नंतर पत्नीने पुन्हा पाहून "सहा रिकामी" असे मोठ्याने म्हणायचे. त्यानंतर उघड्या अवस्थेतच नळीतून प्लास्टिकचे आवरण असलेली बारीक तार ओवून तिला छोटे कुलूप लावायचे, म्हणजे ते मिटताच येत नाही. चापावर बसणारे कुलूप मी घेतले नाही, कारण भरलेल्या शस्त्रावर ते बसवताना किंवा काढताना चाप दाबला जाऊ शकतो.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर मुसळधार पाऊस झाला. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सुटल्याने पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले आणि तिथे राहणारा माझा धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले (वय ११ आणि ६) भिजल्या कपड्यांनी सकाळी आमच्या घरी आली. आमचे घर उंचावर आहे. आता काही दिवस चार मुले एकाच घरात राहतील, आणि त्यांतील दोघांना या घरातील कोणताही नियम माहीत नाही. कपडे, अंथरुणे, गरम चहा यांची धावपळ चालू असताना मी प्रथम दोन्ही कुलपे तपासून आलो, हे कोणालाही सांगितले नाही.

२८ जुलै, रविवार

आज दुपारी चौघांचा लपाछपीचा खेळ चालू होता. अकरा वर्षांचा पुतण्या शयनगृहातील कपाटाच्या खालच्या भागात, पेटीला पाठ लावून, जवळजवळ वीस मिनिटे लपून बसला होता, आणि कंटाळा आल्यावर त्याने कळपट्टीवर आकडे दाबून पाहिले. चुकीचा आकडा तीनदा पडल्यावर पेटी काही वेळ बंद पडते आणि बीप वाजवते. त्या आवाजानेच तो सापडला. तो घाबरून म्हणाला, "काका, मी फक्त बघत होतो." मी त्याच्यावर रागावलो नाही, कारण त्याने जे केले तेच त्या वयाचे कोणतेही मूल करील आणि व्यवस्था त्यासाठीच केली आहे.

मग चौघांना एकत्र बसवले आणि काही न लपवता सांगितले, की त्या पेटीत बाबांचे खरे शस्त्र आहे, ते खेळण्यातले नाही, त्याने माणूस मरतो. कुठेही, आपल्या घरी, मित्राच्या घरी किंवा रस्त्यावर, असे काही दिसले तर हात लावायचा नाही, तिथून लगेच निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे. दुसऱ्या मुलाने हात लावला असेल तर त्याच्याशी झटापट न करता आधी बाहेर पडायचे. सांगणाऱ्याला कोणीही रागावणार नाही, हे वाक्य मी तीन वेळा उच्चारले. धाकट्याने विचारले, "बँकेतल्या काकांची पण खरी असते?" खरी असते. मागे एकदा त्या रखवालदाराने कौतुकाने त्याला दुनळीच्या दस्त्याला हात लावू दिला होता आणि आम्हीही हसत उभे होतो. पुन्हा तसे होऊ देणार नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

भावाचे कुटुंब परत गेले. पुड्या बदलल्या, गंज नाही. काडतुसे २५.

११ सप्टेंबर, बुधवार

गौरीपूजनाला घरात तीसेक माणसे होती. शयनगृहाला बाहेरून कुलूप लावून ठेवले. एका नातेवाइकाने जेवणानंतर "जरा दाखव की तुझी ती" म्हणून आग्रह धरला आणि मी नकार दिल्यावर त्यांना वाईट वाटले. पूर्वी मी दाखवत असे. ती चूक होती, कारण मोठ्यांच्या घोळक्यात कौतुकाने हातोहात फिरणारी वस्तू पाहूनच मुलांच्या मनात तिची ओढ तयार होते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

खंडेनवमी. दरवर्षी वडील शस्त्रपूजनाला जुनी तलवार आणि नंतर माझे रिव्हॉल्व्हर पाटावर मांडत, आणि झेंडूच्या फुलांसह ते दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत तसेच देवघरात राहत असे. आईला ही प्रथा मोडायची नव्हती आणि मलाही नव्हती. थोडा वाद झाला. शेवटी असे ठरले, की पाटावर तलवार, विळी, अडकित्ता, माझ्या गाळ्यावरचा जुना तराजू आणि मुलांची कंपासपेटी मांडायची, आणि रिव्हॉल्व्हरऐवजी त्याच्या पेटीच्या दारावर हळदकुंकू वाहून फूल ठेवायचे. पूजा झाल्यावर आई म्हणाली, "फूल कपाटात ठेवलंय, उद्या काढ, नाहीतर मुंग्या येतील." तिने एवढ्या सहजपणे ते स्वीकारले याचे मला फार समाधान वाटले. तलवारही संध्याकाळी कुलपात गेली.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

विधानसभा निवडणुकीची घोषणा १५ तारखेला झाली आणि आज शस्त्र जमा करण्याबाबत ठाण्यातून निरोप आला. उद्या जमा करीन. सहा घरे रिकामी, काडतुसे २५, पत्नीसमक्ष मोजली.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. मामाने धाकट्याला टिकल्यांचे पिस्तूल आणले. काळे, धातूचे आणि लांबून पाहिल्यास थेट खऱ्यासारखे. मला ते काढून घ्यावेसे वाटले. थोरलीने त्याआधीच त्याला समजावले, की माणसाकडे रोखायचे नाही, अंगणात जमिनीकडे धरून वाजवायचे. अटलांटाच्या त्या निम्म्या मुलांची आठवण झाली. मामाशी बोलून ते बदलले आणि केशरी प्लास्टिकचे, उघडच खेळण्यातले दिसणारे आणले. धाकटा दहा मिनिटे रडला.

७ डिसेंबर, शनिवार

शस्त्र परत मिळाले. आणतानाच गाडीतून थेट पेटीपाशी नेले, वाटेत कुठेही टेकवले नाही. "सहा रिकामी." तार ओवली, कुलूप लावले, काडतुसे २५, बॅटऱ्या नव्या घातल्या, जुन्या गाळ्यावरच्या घड्याळासाठी बाजूला ठेवल्या. रात्री पत्नीने वहीचे शेवटचे पान उघडून माझ्यापुढे ठेवले. या वर्षात मिळून चार महिन्यांहून अधिक काळ शस्त्र घरात नव्हते आणि त्या काळात आम्ही एकदाही ते हवे म्हणून शोधले नाही. गाळ्यावरची रोकडही आता पूर्वीच्या पाव भागाइतकीसुद्धा उरलेली नाही, बहुतेक पैसे फोनवरूनच येतात. परवान्याचे नूतनीकरण २०२५ मध्ये आहे. अर्ज भरण्यापूर्वी आम्ही दोघे बसून ते करायचे की शस्त्र रीतसर विकून परवाना परत द्यायचा हे ठरवू, असे त्याच पानावर तिच्या ओळीखाली मी लिहिले आणि दोघांनी सही केली. पुढील तपासणी ५ जानेवारी, रविवार.